शेंडा वर

२०२४ च्या श्रावणात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, तुम्ही ते औषधाच्या गोळ्या मोजायचं मशीन दुरुस्त केलं होतं ना? मग लसणाची एकेक पाकळी सोडत जाईल असं काहीतरी करा की." मी हो म्हणालो. पुढचामागचा विचार न करता हो म्हणायची माझी सवय जुनी आहे. तिच्यापायी गाळ्याच्या पोटमाळ्यावर तीन अर्धवट यंत्रं पडून आहेत.

गाळा ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. एक लेथ, एक ड्रिल मशीन, वेल्डिंगचा सेट, मी आणि मिस्त्री. बुश, शाफ्ट, कुणाच्या कन्व्हेयरचा रोलर असे लोकांचे जॉब करून द्यायचे, हा धंदा. शेतीच्या अवजाराचा अनुभव म्हणाल तर एकदा एका गिऱ्हाइकाच्या फवारणी पंपाचा दांडा वेल्ड केला होता. मेहुण्याची जमीन ओतूरजवळ. ठाण्याहून कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेज चढला की पुढे फार लांब नाही. दर वर्षी तो दोन-तीन गुंठे लसूण घरापुरता लावायचा. त्या वर्षी किरकोळ बाजारात लसणाने किलोला ४०० रुपये ओलांडले आणि त्याने दहा गुंठ्यांचा बेत केला. अडचण माणसांची. दिवाळीच्या मागेपुढे सगळ्या गावाची कामं एकदम निघतात, लागणीला बायका मिळत नाहीत.

मी आधी कागदावर हिशेब मांडला. लसणाच्या दोन ओळींत १५ सेंटिमीटर आणि ओळीतल्या दोन पाकळ्यांत १० सेंटिमीटर अंतर ठेवायचं. म्हणजे गुंठाभर जागेत साडेसहा हजारांवर पाकळ्या. दहा गुंठ्यांत, वाफ्यांचे बांध आणि पाण्याचे पाट सोडले तरी ६० हजार. यातली प्रत्येक माणसाच्या हातातून जाते. बाई उकिडवी बसते, डाव्या मुठीत पाकळ्या, उजव्या हाताने एक घ्यायची, शेंडा वर करायचा, अंगठ्याने मातीत दाबायची, सरकायचं. संध्याकाळपर्यंत चार-पाच हजार वेळा. मला कागदावर यातलं "एक पाकळी, एक भोक" एवढंच दिसलं. गोळ्या मोजायच्या मशीनचाच भाऊ, असं मी मिस्त्रीला छातीठोकपणे सांगितलं.

चाचणीला लसूण हवा म्हणून तुर्भ्याच्या बाजार समितीत गेलो. तिथे लसूण कांदा-बटाटा मार्केटात मिळतो. तिकडे मध्य प्रदेशात लसूण भाजी की मसाला यावर वर्षानुवर्षं कज्जा चालला आणि त्याच वर्षी हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाने भाजी ठरवून भाजीबाजार आणि कृषी बाजार अशा दोन्हीकडे विकायची मोकळीक दिली. तुर्भ्याच्या माथाड्यांना हा प्रश्न कधी पडला असेल असं वाटत नाही; गोणी पाठीवर आली की ती पन्नास किलोच. मी दहा किलो घेतला, मंदसौर-नीमचकडचा. व्यापारी गड्ड्याच्या आकारावरून माल वेगळा करतात. वरच्या आकाराला 'लाडू', त्याहून मोठ्याला 'बॉम्ब'. मी लाडू घेतला. गड्डे सगळे सारखे म्हणजे पाकळ्याही सारख्या, अशी माझी समजूत.

गाळ्यात येऊन पहिला गड्डा फोडला आणि तिथेच बसकण मारली. १७ पाकळ्या निघाल्या. बाहेरच्या चार-पाच जाड, एका अंगाने फुगीर. त्यांच्या आत मधल्या. अगदी गाभ्यात तांदळापेक्षा थोड्या मोठ्या, चपट्या कपच्या. एकीची दुसरीला जोड नाही. औषधाची गोळी साच्यातून येते. पाकळी शेजारणींना ढकलत, मिळेल त्या जागेत वाढते. त्यामुळे जिला जसा कोपरा मिळाला तसा तिचा आकार.

तरी यंत्र उभं केलं. रचना नवी नव्हे, बटाटा लावायच्या यंत्रात असते तीच. पाकळ्यांनी भरलेला डबा, त्याच्या तळातून वर चढणारी साखळी, साखळीला लहान वाट्या. वाटी ढिगातून वर येताना एक पाकळी घेऊन येते, माथ्यावर उलटते आणि पाकळी नळीतून खाली फाळाने पाडलेल्या चरात पडते. मागून एक पट्टी माती ओढते. साखळी फिरते जमिनीवरच्या चाकावर. चाकाचा घेर मी बरोबर १२० सेंटिमीटर ठेवला आणि एका फेऱ्यात १२ वाट्या माथ्यावरून जातील असं स्प्रॉकेटचं, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चक्रांचं, प्रमाण जमवलं. म्हणजे दर १० सेंटिमीटरला एक पाकळी. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने हाताने चालवायचं लसूण लावणीयंत्र केलेलं आहे, परदेशात तर एका वेळी अनेक ओळी टाकणारी ट्रॅक्टरवरची यंत्रं आहेत. मी काही जगावेगळं करत नव्हतो. त्याच भरवशावर होतो.

गाळ्याच्या फरशीवर पत्र्याचा लांब ट्रे केला, त्यात चार इंच वाळू पसरली आणि चाक हाताने फिरवलं. शंभर वाट्या मोजल्या. ५८ वाट्यांत एकेक पाकळी. २७ वाट्यांत दोन, कुठे तीन. १५ रिकाम्या. मिस्त्री म्हणाला, "शेट, हे पेरतंय की जेवायला वाढतंय?"

मग वाट्या. पहिल्या वाट्या पत्र्याच्या, पंचिंग करून वाकवलेल्या. खोल केल्या तर दोन पाकळ्या बसायच्या, उथळ केल्या तर मोठी पाकळी घसरून रिकामी जायची. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमधल्या पाकळ्या पाहिल्या तर काहींच्या अंगावर नखाने ओरखडल्यासारख्या रेघा आणि रेघांच्या कडेला तपकिरी डाग. पत्र्याची कड पाकळीला कापत होती. कापलेली पाकळी मातीत गेली की कुजते, त्या जागी काही येत नाही. सगळ्या वाट्या काढल्या आणि नायलॉनच्या सळईतून लेथवर नव्या केल्या, कडा गोल घासून. ३६ वाट्या, तीन रविवार.

दरम्यान ४०० रुपये किलोचा लसूण वाळूत लोळत होता. चाचणीचा माल मी रोज डबा भरून घरी न्यायचो. दोन आठवडे आमच्याकडे लसणीची चटणी, लसणीचं तिखट, फोडणीत मूठभर लसूण. तिसऱ्या आठवड्यात बायकोने घासात खसकन वाळू लागल्यावर ताट सरकवलं. "तुमच्या यंत्राचं पोट भरेपर्यंत आमचे दात राहतील का?" तेव्हापासून चाचणीचा लसूण इमारतीत वाटला जाऊ लागला. वाळूचं कुणाला सांगितलं नाही.

यंत्र सुधारलं ते वाटीने नाही, चाळणीने. हे ध्यानात यायला भाद्रपद उजाडला. मी पत्र्याला भोकं पाडून तीन जाळ्या केल्या, १५, १२ आणि ९ मिलिमीटरच्या, एकीवर एक ठेवून हलवायच्या. फक्त १२ च्या जाळीवर उरलेल्या पाकळ्या डब्यात टाकल्या आणि पुन्हा शंभर वाट्या मोजल्या. ८३ एकेरी. १५ च्या जाळीवरच्यांना वेगळ्या, थोड्या मोठ्या वाट्या लागल्या. मेहुण्याला फोन करून हा शोध सांगितला तर तो शांतपणे म्हणाला, "बियाण्याला बाहेरच्या जाड पाकळ्याच घेतात की दाजी. आतल्या बारक्या चटणीला." आमच्या सासूबाई हे चाळणीशिवाय, दाराशी बसून, गप्पा मारत करतात.

मला वाटे, इतकं संशोधन चालतं, तर एकसारख्या गोल पाकळ्यांचा वाण कुणी का काढत नाही? मेहुण्याने बियाणं आणलं ते राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा 'भीमा पर्पल' वाण. ही संस्था १९९४ मध्ये नाशिकला सुरू झाली आणि पुढे राजगुरुनगरला आली. आपल्या सपाटीच्या शेतीला चालतील असे भीमा ओंकार, भीमा पर्पल हे वाण तिथले. त्यांची पुस्तिका मेहुण्याने दिली होती. ती आणि इतर जे हाती लागलं ते वाचून डोक्यात थोडा उजेड पडला. आपला लसूण बी धरत नाही. कांद्याला फुलोरा येतो, त्यात काळं बी होतं, दोन कांद्यांचा संकर करता येतो, आणि बी एकसारखं असल्याने पेरणीयंत्रंही जमतात. लसणाला ती सोय नाही. पाकळीच बियाणं, पाकळीच झाड. आजचा गड्डा म्हणजे कालच्याच गड्ड्याचा पुढचा तुकडा. त्यामुळे नवा वाण काढायचा म्हणजे आहेत त्यांतून वेचायचं, वर्षानुवर्षं लावून पाहायचं. शिवाय झाडात शिरलेला विषाणू पाकळीतून पुढच्या पिढीत जातो. तो काढायला प्रयोगशाळेत कोंबाच्या अगदी टोकाच्या बारीक पेशींपासून रोप वाढवावं लागतं.

मोठ्या पाकळीचा लसूण नाही असं नाही. डोंगरी भागासाठी 'ॲग्रीफाउंड पार्वती' हा वाण आहे, पाकळ्या जाड, संख्येने कमी. माझ्या वाट्यांना सोन्यासारखा. पण त्याला मोठा दिवस लागतो, थंडीही लागते. ओतूरला लावला तर पात भरघोस येईल आणि खाली गड्डा धरणार नाही. यंत्राला हवी ती पाकळी हवामान देत नाही आणि हवामान देतं ती यंत्राला पचत नाही, अशी गाठ होती.

ऑक्टोबरच्या शेवटी टेम्पोत यंत्र टाकून माळशेज चढलो. एका ओळीचं यंत्र आता तीन ओळींचं झालं होतं, मेहुण्याच्या पॉवर विडरमागे, म्हणजे तण काढायच्या छोट्या इंजिनाच्या यंत्रामागे, जोडायचं. रात्री ओटीवर गड्डे फोडायला सगळं घर बसलं. पाकळ्या फार आधी सोडवून ठेवल्या तर सुकतात, म्हणून हे काम आदल्या दिवशीचं. सकाळी पाकळ्या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून काढल्या आणि मी त्या तशाच डब्यात ओतल्या.

पाच पावलांवर साखळी अडकली. ओल्या पाकळ्यांचा गोळा झाला होता, आणि सुटलेली सालं भिजून स्प्रॉकेटच्या दातांत कागदाच्या लगद्यासारखी बसली होती. वाळूच्या ट्रेमध्ये मी कधी ओली पाकळी घातलीच नव्हती. सगळं उपसलं, पाकळ्या सावलीत गोणपाटावर पसरल्या, सालं पाखडली. दुपार त्यात गेली. मेहुण्याने ठरवलेल्या चार बायका शेजारच्या वाफ्यात हाताने लावत होत्या. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या मावशी दर वेळी उठताना एकदा यंत्राकडे बघायच्या आणि काही न बोलता पुढे सरकायच्या. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या प्रहरी यंत्र चाललं. चाललं म्हणजे खरंच चाललं. तीन ओळी, विडरचा आवाज, मागे माती सारखी होत जातेय. मिस्त्रीने मोबाइलवर व्हिडिओ काढला. तीन वाफे झाल्यावर मावशी आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि बोटाने ओळीतली माती बाजूला केली. एक पाकळी आडवी. पुढची आडवी. पुढची शेंडा खाली. मग एक बरोबर उभी. मग पुन्हा आडवी. "शेंडा वर नाय रं," त्या मेहुण्याला म्हणाल्या, मला नव्हे. "बूड वर झालंय. हे उगवंल, पण वाकडं."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. जे जे वाचलं होतं त्यात हे होतंच: पाकळी उलटी पडली तरी कोंब येतो, पण त्याला मातीत वळसा घेऊन वर यावं लागतं, उगवण लांबते, गड्ड्याची मान वाकडी होते. आडव्या पाकळीचं तितकं बिघडत नाही. पाकळी उभी करून लावणारी यंत्रं काही देशांत आहेत. पण नळीतून पडणाऱ्या पाकळीला हवेत कोण वळवणार? मी नळी अरुंद करून पाहिली होती, तळाला चोचीसारखी झडप लावून पाहिली होती. चोचीत जाड पाकळी बूड खाली करून बसते, कारण बूड जड. सडपातळ पाकळी वाट्टेल तशी. आणि झडप मातीने बुजली की सगळंच बंद. शेवटी झडप काढून टाकली होती आणि 'बघू शेतात' म्हणून तो विषय मिटवला होता.

दुसरा घोटाळा त्याच संध्याकाळी सापडला. टेपने मोजलं तर अंतर कुठे १० तर कुठे १३. वाफसा बरा होता, पण माती भुसभुशीत. चाक फिरायच्या ऐवजी घसरत होतं, आणि चाक फिरलं नाही की वाटी पुढे सरकत नाही. रात्री गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून चाकाला लोखंडी दाते मारून घेतले. मशीनवाला मी, आणि माझं काम दुसऱ्याने केलं. त्याने पैसे घेतले नाहीत, हे वर.

दोन दिवसांत यंत्राने चार गुंठे लावले. उरलेले सहा बायकांनी. पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं, ते मेहुण्याने दिलं, तरी यंत्राच्या वाफ्यांत काही पाकळ्या उघड्या पडल्या. उथळ पडलेली पाकळी मूळ सोडताना स्वतःला वर ढकलते. त्या पुन्हा हाताने दाबल्या, कुणी ते सांगायला नको.

डिसेंबरात मोजायला गेलो. दहा फुटांच्या ओळीत तीस पाकळ्या यायला हव्यात. हाताच्या वाफ्यात २९ रोपं उभी. दाते लावल्यानंतरच्या यंत्राच्या ओळीत २५. त्याच्या आधीच्या ओळींत २१, एका ठिकाणी दोन जुळी रोपं एकमेकांना ढकलत. उलट्या पडलेल्या पाकळ्या आठ-दहा दिवस मागे होत्या, पिवळट कोंब, जणू उशिरा उठलेली पोरं.

होळीच्या सुमारास काढणी. पात पिवळी पडून माना वळू लागल्या की उपटायचा, पातीसकट सावलीत वाळवायचा, जुड्या बांधायच्या. मेहुण्याने यंत्राचा माल वेगळा ठेवला होता. मला वाटलं होतं तितका वाईट नव्हता. चाळणीतून काढलेल्या पाकळ्यांचे गड्डे भरलेले होते, काही हाताच्या वाफ्यापेक्षाही थोर, कारण तिथे जागा जास्त मिळाली होती. पण पाच-सहांत एक असा निघायचा की मान बाजूला कललेली, गड्डा एका अंगाने चेपलेला. जुडी बांधताना तो एक गड्डा सगळी जुडी तिरकी करतो. मावशींनी असे वेचून टोपलीत टाकले आणि टोपली माझ्यापुढे सरकवली. "हे तुमचं. घरी न्या." मी नेले. बायकोने एक हातात धरून बघितला आणि विचारलं, "याच्यात वाळू नाही ना?"

त्या दिवशी ओसरीवर चहा पिताना मी मावशींना विचारलं की लागणीत त्यांना सगळ्यात नको काय वाटतं. मला वाटलं पाकळी धरून अंगठ्याने दाबणं म्हणतील, त्यांच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं असतं. त्या म्हणाल्या, "बोटाला काय होतंय? ढोपरं जातात. उकिडवं सरकायचं नको." मी सात महिने अंगठ्याच्या मागे लागलो होतो. त्यांची तक्रार गुडघ्यांची होती.

आता गाळ्यात त्या तीन ओळींच्या सांगाड्यावर नवं काम चालू आहे. साखळी, वाट्या, डबा सगळं काढून पोटमाळ्यावर टाकलं. चाकं ठेवली, फाळ ठेवले. पुढे विडर हळू ओढेल, फाळ चर पाडतील, आणि मागे जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन बैठका, बसलेल्या बाईचा हात चरापर्यंत सहज जाईल अशा. दर १० सेंटिमीटरला टक् असा आवाज यावा म्हणून चाकाला एक पट्टी लावली आहे. आवाज आला की पाकळी ठेवायची, शेंडा वर. चाळण्या मात्र मेहुण्याने परत दिल्या नाहीत, त्या त्याला कांद्याच्या बियाण्याच्या कामाला येतात म्हणे.

बैठका जुन्या स्कूटरच्या सीटच्या केल्या आहेत. परवा फोटो पाठवला. मावशींनी मेहुण्याच्या फोनवरून उलट विचारलं, "बसायचं झालं, पण पाय कुठं ठेवायचे?" ते राहिलं होतं. आज पायाची पट्टी कापतोय.